ज्ञानेश्वरमधलं ‘वर’ कुठे गेलं?

पौष वद्य एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला फोन वाजला. नाशिकच्या दिंडोरी रोडवरच्या ज्या द्राक्ष पॅकहाउसचे सर्व्हर मी सांभाळते, तिथल्या व्यवस्थापकांचा होता. “ताई, ज्ञानेशने त्याचा पासवर्ड कुणाला तरी दिलाय. कुणाला दिलाय ते सर्व्हरवरून निघेल का?”

निकाल आधीच लागला होता, माझ्याकडून फक्त साथीदाराचं नाव हवं होतं. पुढे जे निघालं त्यात साथीदार नव्हता आणि गुन्हाही नव्हता. एका माणसाच्या नावातली शेवटची तीन अक्षरं अहवालात छापली गेली नव्हती, आणि उरलेली आठ अक्षरं म्हणजे नेमकं दुसऱ्या माणसाचं नाव होतं. त्या नव्या खात्याला मंजुरी मीच दिली होती, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे.

पॅकहाउसचं नाव देत नाही. माणसांची नावं बदलली आहेत, पण बदलताना अक्षरांची संख्या आणि नाव जिथे तुटलं ती जागा तशीच ठेवली आहे. खात्यांची नावं इथे देवनागरीत लिहिते आहे. मशीनवर ती रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत होती.

रात्री काय झालं

हंगाम भरात होता. वीस पॅलेट प्रीकूलिंग होऊन कोल्ड स्टोरेजमध्ये लागले होते आणि पहाटे न्हावा शेव्याला जाणारा कंटेनर भरायचा होता. प्रत्येक पॅलेटचं वजन, पेट्यांची संख्या आणि माल ज्या बागेतला तिचा नोंदणी क्रमांक एका फाइलमध्ये जमा होतो आणि त्यावरून पॅकिंग लिस्ट छापली जाते. पहाटे पाचला छापलेल्या लिस्टवर आदल्या दिवशीचे आकडे आले. रात्री कधीतरी कुणीतरी त्या फाइलवर जुनी प्रत चढवली होती. वीसच्या वीस पॅलेट पुन्हा काट्यावर घ्यावे लागले. माल खराब झाला नाही, पण कंटेनर पाच तास उशिरा सुटला.

व्यवस्थापकांकडे रोज सकाळी सातला सर्व्हर आपोआप एक कागद छापतो: कोण, कुठल्या मशीनवरून, किती वाजता लॉगिन झालं. त्या कागदावर मध्यरात्रीनंतर एकच ओळ होती. ज्ञानेश, कोल्ड स्टोरेजजवळचं मशीन, एक वाजून अडतीस मिनिटं.

ज्ञानेश हा चोविशीतला कंत्राटी मुलगा, वजनकाट्यावर डेटा भरतो. त्या रात्री तो पॅकहाउसमध्ये नव्हताच. गावच्या दिंडीबरोबर पायी त्र्यंबकेश्वरला, निवृत्तिनाथांच्या यात्रेला गेला होता, आणि त्याच्या रजेच्या अर्जावर व्यवस्थापकांचीच सही होती. सर्व्हरला बाहेरून कुणाला जोडता येत नाही. मग व्यवस्थापकांनी सरळ हिशोब मांडला: माणूस इथे नाही आणि खातं इथे वापरलं गेलं, म्हणजे पासवर्ड दिला गेला. मी पोहोचेपर्यंत ज्ञानेशला फोन करून परत बोलावलं होतं आणि लेखी खुलासा मागणारा कागद टाइप होऊन तयार होता.

रात्रपाळीच्या सगळ्यांना एकेक करून विचारून झालं होतं, “ज्ञानेशचा पासवर्ड कुणाकडे आहे?” सगळ्यांनी नाही म्हटलं होतं आणि सगळे खरं बोलत होते. विचारायचं होतं ते वेगळंच: रात्री पावणेदोनच्या सुमारास त्या मशीनवर कोण बसलं होतं? ते कुणी विचारलं नाही, कारण कागदाने उत्तर आधीच दिलं होतं.

व्यवस्थापक वाईट माणूस नाही. निर्यातीच्या द्राक्षात माग काढणं हा सगळ्या धंद्याचा पाया आहे. अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदवहीत बाग नोंदलेली असते, अवशेष तपासणीचा नमुना त्या बागेच्या नावावर असतो, आणि युरोपातल्या दुकानातल्या पेटीवरून उलट चालत बांधापर्यंत येता येतं. असल्या शिस्तीत वाढलेला माणूस छापील नोंदीवर विश्वास ठेवणारच. तो विश्वास ठेवण्याजोगी नोंद देणं हे माझं काम होतं.

तीच फाइल, दोन उत्तरं

सर्व्हर लिनक्सचा आहे. सकाळचा कागद ‘लास्ट’ या आज्ञेतून निघतो. ती डब्ल्यूटीएमपी नावाच्या फाइलमधली लॉगिनची नोंद वाचून दाखवते. मी आधी तीच आज्ञा नुसती चालवली. कागदावरची ओळ पडद्यावर आली: ज्ञानेश, एक अडतीस.

मग फक्त त्याच्याच नोंदी बघाव्यात म्हणून आज्ञेपुढे त्याचं नाव टाकलं. यादी आली, आणि तिच्यात ती ओळ नव्हती. त्याची सगळ्यात अलीकडची नोंद दोन दिवसांपूर्वीची होती, रजेवर जायच्या आधीची.

फाइल एक, आज्ञा एक. सगळ्यांची यादी मागितली तर ओळ दिसते, एकट्याची मागितली तर गायब होते. नोंदीत कुणी फेरफार केला असेल अशी शंका मलाही क्षणभर आली. मग लक्षात आलं की या दोन वेळी ती आज्ञा नावाकडे वेगवेगळ्या तऱ्हेने बघते. शोधताना ती फाइलमधलं पूर्ण नाव पूर्ण नावाशी ताडून बघते. दाखवताना मात्र नावाच्या रकान्यात आठच अक्षरं छापते. नववं अक्षर पुढे गेलंच नाही, याची कुठलीही खूण ती सोडत नाही.

पूर्ण नावं दाखवायला सांगणारा ‘डब्ल्यू’ हा पर्याय लावून आज्ञा पुन्हा चालवली. ओळ आली: ज्ञानेश्वर, एक अडतीस.

रोमनमध्ये मोजून बघा. ज्ञानेश: डी, एन, वाय, ए, एन, ई, एस, एच. बरोबर आठ. ज्ञानेश्वर म्हणजे त्यापुढे डब्ल्यू, ए, आर. एकूण अकरा. आठ अक्षरांच्या रकान्यात ज्ञानेश्वर बसवला की ज्ञानेश उरतो, आणि नाव तुटल्यासारखंही वाटत नाही, कारण उरलेलं नाव शुद्ध, पूर्ण आणि हजेरीपटावर असलेलं आहे.

खात्री एका पुराव्यावर थांबवायची नसते. लॉगिनची दुसरी नोंद प्रमाणीकरणाच्या लॉगमध्ये असते आणि ती मजकुराच्या रूपात, पूर्ण नावानिशी असते. तिथे एक अडतीसला ज्ञानेश्वर हे खातं पासवर्ड देऊन आत आलेलं दिसलं. एक सेहेचाळीसला त्याच खात्याने सुडोमार्फत, म्हणजे दुसऱ्या खात्याच्या अधिकाराने काम चालवू देणाऱ्या सोयीमार्फत, पॅकिंगच्या सामायिक खात्यावरून ‘मागची प्रत परत आणा’ हा मेनूतला पर्याय चालवलेला दिसला. फाइलची मालकी त्या सामायिक खात्याकडे असल्यामुळे फाइलींची यादी दाखवणाऱ्या नुसत्या ‘एलएस’ने काहीच कळलं नसतं.

माउली

ज्ञानेश्वर हे खातं कोल्ड स्टोरेजच्या पर्यवेक्षकांचं. वय पंचावन्नच्या पुढे, पॅकहाउसमध्ये सगळ्यात जुने. त्यांना तिथे कुणीही ज्ञानेश्वर म्हणत नाही. मालकांपासून हमालांपर्यंत सगळे ‘माउली’च म्हणतात. हे नाव असलेल्या माणसाला आपल्याकडे दुसरी हाक कोण मारणार? त्यामुळे कागदावर ज्ञानेश वाचल्यावर माउलींशी त्याचा संबंध जोडायचं कुणाला सुचलं नाही. मलासुद्धा लॉग उघडेपर्यंत सुचलं नव्हतं.

मी त्यांना विचारलं, “माउली, रात्री पावणेदोनला मशीनवर काय केलंत?”

“लेबल निघेना म्हणून चार नंबर दाबला,” ते म्हणाले. “मागे एकदा तसंच सांगितलं होतं ना तुम्ही?”

प्रिंटर पुन्हा सुरू करायचा पर्याय तीन नंबरचा होता. चार म्हणजे मागची प्रत परत आणणं. पर्याय शेजारी शेजारी ठेवले होते आणि चार नंबर ‘खात्री आहे का’ असंही विचारत नव्हता. ती चूक मेनूची, म्हणजे पुन्हा माझ्याच बाजूची. तिची दुरुस्ती अर्ध्या तासाची होती आणि त्याच दिवशी झाली, म्हणून तिच्यावर अधिक लिहीत नाही. आपल्या चार नंबरचा आणि पॅकिंग लिस्टचा संबंध आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. आपल्या एका बटणामुळे पोराकडून खुलासा मागितला जातोय हे कळल्यावर ते उठून थेट व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये गेले.

आठच अक्षरं का?

ही आठ अक्षरं आली कुठून, हे मी व्यवस्थापकांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “म्हणजे सर्व्हर जुना झालाय का?” सर्व्हर जुना झालेला नाही. जुनी आहे ती सवय.

लिनक्स ज्या जुन्या प्रणालीच्या वळणावर घडला ती युनिक्स. बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेतून १९७९ साली तिची सातवी आवृत्ती बाहेर आली. तिच्यात कोण लॉगिन आहे याची नोंद ठरावीक मापाच्या चौकटीत लिहिली जाई. टर्मिनलच्या नावाला ८ बाइट, माणसाच्या नावाला ८ बाइट, वेळेला ४ बाइट: एकूण २० बाइटची एक नोंद. पीडीपी-११ सारख्या यंत्रांवर स्मृती इतकी तोकडी असे की बाइट मोजूनच खर्च करावा लागे. ठरावीक मापाचा फायदाही मोठा होता. शंभरावी नोंद हवी असेल तर वीसच्या पाढ्याने थेट तिथे उडी मारता येते, आधीच्या नव्याण्णव वाचाव्या लागत नाहीत. आणि ज्यांनी हे केलं त्यांची स्वतःची लॉगिन नावं तीन अक्षरांची होती. केन टॉम्पसन यांचं ‘केन’, डेनिस रिची यांचं ‘डीएमआर’. त्यांच्या प्रयोगशाळेत आठ अक्षरं म्हणजे ऐसपैस जागा होती.

पुढे युनिक्ससारख्या प्रणालींसाठी पोझिक्स हे सामायिक मानक आलं आणि त्याने किमान हमी लिहून ठेवली: लॉगिन नावाला निदान ९ बाइट मिळालेच पाहिजेत. त्यातला शेवटचा बाइट नाव संपल्याची शून्य खूण म्हणून जातो, म्हणजे पुन्हा आठच. मानकाने आठच्या पुढे बंदी घातली नाही, पण आठच्या पुढचं वचनही दिलं नाही. आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्समध्ये नावाच्या लांबीची मूळ मांडणी आजही ९ वर असते. आवृत्ती ५.३ पासून ती वाढवता येते, पण वाढवल्यावर यंत्र पुन्हा सुरू करावं लागतं. सोलारिस या दुसऱ्या युनिक्सवर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला आठच्या पुढे नाव द्यायचं नाही हे कुणी शिकवावं लागत नाही.

लिनक्सने नोंदीची चौकट मोठी केली. तिथे एक नोंद ३८४ बाइटची आहे आणि नावाला ३२ बाइट मिळतात. बत्तीसच्या बत्तीस भरले तर शून्य खूण ठेवायला जागाच उरत नाही, म्हणून लिनक्सच्या सेवा सुरू करून सांभाळणारं सिस्टमडी ३१ अक्षरांवर थांबायला सांगतं. ग्लिबसी ही मूळ लायब्ररी तर २५६ पर्यंतचं नाव हाताळायला तयार असते.

म्हणजे साठवण्याची मर्यादा कधीच वाढली होती. दाखवण्याची वाढली नाही. ‘लास्ट’चा, आत्ता कोण आत आहे ते दाखवणाऱ्या ‘डब्ल्यू’ या आज्ञेचा (मघाचा पर्याय वेगळा) आणि चालू कामांची यादी देणाऱ्या ‘पीएस’चा नावाचा रकाना आठवर राहिला, कारण ऐंशी अक्षरं रुंदीच्या पडद्यावर बाकीचे रकानेही बसवायचे होते आणि त्या रकान्यांवर हजारो लोकांच्या स्क्रिप्ट टेकलेल्या होत्या. रुंदी बदलली तर त्या मोडतात. अडचण खरी आहे. म्हणूनच मी कुणाला दोष देत नाही. पण आपल्या यंत्रावर ही फट आहे हे माहीत असणं मात्र देखभाल करणाऱ्याचं कर्तव्य आहे.

आणि ते मी पाळलं नव्हतं. हंगाम सुरू व्हायच्या आधी लेखापरीक्षकांनी सांगितलं होतं की खातं कुणाचं आहे ते नावावरून कळलं पाहिजे. तोवर आमच्याकडे दोन-तीन आद्याक्षरांची खाती होती. मी पूर्ण पहिलं नाव द्यायचं ठरवलं, लिनक्सला ३२ अक्षरं चालतात एवढं तपासलं आणि मान्य करून टाकलं. खातं तयार झालं, लॉगिन झालं, काम झालं. नाव जिथे जिथे छापलं जातं, जुळवलं जातं, मोजलं जातं, त्या जागा मी फिरून बघितल्या नाहीत.

कापणं आणि लपवणं

त्या दिवशी दुपारी बसून मी त्या जागा एकेक करून तपासल्या. या प्रकरणात मला सगळ्यात मोलाचं जे सापडलं ते इथे.

प्रयोगशाळेच्या मशीनवर मायएसक्यूएल या डेटाबेसची जुनी आवृत्ती आहे. आवृत्ती ५.७.८ च्या आधी त्यात वापरकर्त्याचं नाव १६ अक्षरांपुढे चालत नसे, नंतर ते ३२ झालं. सतरा अक्षरांचं नाव देऊन बघितलं, तर त्याने सरळ नकार दिला: नाव लांब आहे, बनवणार नाही. काम अडलं, पण गैरसमज झाला नाही.

‘पीएस’ने वेगळं केलं. आमच्या नव्या सर्व्हरवर ते लांब नावाची पहिली सात अक्षरं दाखवून आठव्या जागी अधिकचं चिन्ह ठेवतं. ज्ञानेश्वरचं नाव तिथे तुटकं दिसतं, पण तुटलंय हे दिसतं, आणि आठ अक्षरी ज्ञानेश शेजारी अखंड दिसतो. गल्लत होत नाही. आमच्या जुन्या सर्व्हरवरचं जुनं ‘पीएस’ तर नाव मावलं नाही की नावाऐवजी वापरकर्त्याचा क्रमांकच छापतं. वाचायला रूक्ष, पण खोटं नाही. माणूस चुकीचा निघत नाही.

‘लास्ट’ आणि ‘डब्ल्यू’ यांनी मात्र आठ अक्षरं छापली आणि गप्प राहिले.

जागा कमी असेल तर नाव कापावं लागतं, ते मला मान्य आहे. पण कापल्याची खूण न ठेवता कापलेलं नाव म्हणजे चुकीचं नाव. एरवी ते निरर्थक तुकडा म्हणून पडून राहतं आणि वाचणारा मनातल्या मनात पूर्ण करून घेतो. पांडुरंगचा शेवटचा जी गेला तरी पांडुरंगच कळतो. धोका तिथे आहे जिथे उरलेला तुकडा दुसऱ्या कुणाचं तरी नाव असतो. मराठी नावांत हे वारंवार होणार, कारण आपली नावं पुढे प्रत्यय लावून वाढतात: ज्ञानेशचा ज्ञानेश्वर, यशवंतचे यशवंतराव. यशवंत रोमनमध्ये नेमका आठ अक्षरांचा. चंद्रकांत आणि चंद्रकला यांची पहिली आठ अक्षरं हुबेहूब एक. त्यांच्या शेजारी चंद्रशेखर बसवला तर ‘पीएस’च्या सात अक्षरांत तिघंही एकसारखी दिसतात: चंद्र आणि पुढे अधिकचं चिन्ह. त्या ठिकाणी खूणही पुरत नाही. क्रमांकच बघावा लागतो.

आणखी एक, जाता जाता. व्यवस्थापकांनी विचारलं होतं की नावं सरळ मराठीत का ठेवत नाही. खातं बनवणारं साधन मुळात देवनागरी अक्षरं स्वीकारत नाही, हे एक. दुसरं असं की यंत्र मोजतं ते बाइट. रोमन अक्षराला एक बाइट, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ज्ञानेश्वर लिहायला व्यंजनं, हलन्त, काना, मात्रा धरून दहा चिन्हं लागतात, म्हणजे तीस बाइट. बत्तीसच्या चौकटीत ते जेमतेम मावेल, पण आठव्या बाइटवर कापलं तर तिसरं चिन्ह मधोमध तुटेल आणि हाती कचरा येईल. खरं सांगायचं तर तो कचरा आमच्या ज्ञानेशपेक्षा बरा ठरला असता, कारण कुणीतरी लगेच विचारलं असतं की हे काय आहे.

दुसरा अहवाल

दुपारी अजून एक गोष्ट निघाली, आणि ती न निघती तर महिनाअखेरीला नवा घोळ झाला असता.

कोण किती तास मशीनवर असतं याची बेरीज करणारी एक छोटी स्क्रिप्ट तिथे आहे. कधीकाळी कुणीतरी लिहिलेली, ‘लास्ट’चा पहिला रकाना नाव म्हणून धरणारी. बावीस दिवसांपासून ती माउलींच्या रात्रपाळीचे तास ज्ञानेशच्या दिवसपाळीच्या तासांत मिळवत होती. ज्ञानेश काही दिवशी सोळा तास मशीनवर आणि माउली एकही मिनिट नाही, असा तो हिशोब होता. पगार त्यावर ठरत नाही, पण ओव्हरटाइमचा वाद झाला की तो कागद काढला जातो. वाद झाला असता तर दोघांवरही अन्याय झाला असता, एकावर जास्त दाखवल्याचा आणि दुसऱ्यावर काहीच न केल्याचा.

स्क्रिप्ट मी पूर्ण नावावर नेली. बावीस दिवसांचे दोन्ही अहवाल नव्याने काढले. मूळ नोंद शाबूत होती म्हणूनच ते शक्य झालं. डब्ल्यूटीएमपीमध्ये नाव पहिल्यापासून पूर्णच लिहिलेलं होतं. कापलं होतं ते फक्त दाखवणाऱ्याने. जुने कागद फाडायचे नाहीत, नव्यांच्या मागे टाचायचे, असं मी सुचवलं आणि व्यवस्थापकांनी ते ऐकलं.

नाव बदलताना

आता पुढे काय, यावर तासभर बोलणं झालं. सोपा उपाय डोळ्यांसमोर होता: सगळीकडे पूर्ण नाव दाखवायचा पर्याय लावायचा. ‘लास्ट’ला तो आहे, ‘पीएस’ला रकान्याची रुंदी सांगता येते, ‘डब्ल्यू’ आज्ञेसाठी एक परिवेश चल, म्हणजे आधी ठरवून ठेवायची किंमत, आहे. पण मी उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती हे सर्व्हर दिले आणि त्याने सवयीने नुसतं ‘लास्ट’ टाइप केलं, की ज्ञानेश पुन्हा उभा राहतो. शिवाय मुख्य कार्यालयाचं विंडोज डोमेन, म्हणजे तिथल्या सगळ्या खात्यांची सामायिक व्यवस्था, पुढे जोडायचं आहे, आणि तिथे जुन्या पद्धतीचं लॉगिन नाव २० अक्षरांवर थांबतं. प्रत्येक खिडकीपाशी पहारा ठेवण्यापेक्षा नावच असं असावं की ते कुठल्याही खिडकीतून अखंड जाईल. सगळ्यात अरुंद रकाना आठचा आहे, तर नाव आठच्या आत.

व्यवस्थापकांना कर्मचारी क्रमांक हवा होता: नावाची तीन अक्षरं आणि पुढे चार आकडे. तांत्रिकदृष्ट्या त्यात खोट नाही. पण माउलींनी विचारलं, “तीस वर्षांनी मला नंबर देणार का?” आणि मला त्यांचं म्हणणं पटलं. रात्री दोनला थंडीत हातमोजे काढून जे टाइप करायचं ते माणसाला आपलं वाटावं. शेवटी ठरलं ते असं: प्रत्येकाने आपलं नाव आपण निवडायचं, आठ अक्षरांच्या आत, रोमन लहान अक्षरं, सुरुवात अक्षरानेच, आणि एकदा वापरलेलं नाव दुसऱ्या कुणाला कधीही द्यायचं नाही. पूर्ण नाव-आडनाव पासवर्ड फाइलच्या पाचव्या रकान्यात जाईल, आणि अहवाल तिथून ते उचलेल. त्या रकान्याला आजही जीकॉस म्हणतात. बेल लॅब्जमध्ये छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या एका मोठ्या यंत्राच्या प्रणालीचं ते नाव, आणि तिच्यासाठी लागणारी ओळख या रकान्यात ठेवत.

ज्ञानेशचं नाव आठचंच होतं, त्याने तेच ठेवलं. पर्यवेक्षकांनी निवडलं ‘माउली’. रोमनमध्ये पाच अक्षरं.

इथे एक चूक पुन्हा झाली, तीही लिहायला हवी. खात्याचं नाव बदलणाऱ्या आज्ञेने त्यांचं नाव बदललं. वापरकर्ता क्रमांक तोच राहिला, त्यामुळे त्यांच्या फाइलींची मालकी जशीच्या तशी राहिली; यंत्राच्या लेखी माणूस म्हणजे तो क्रमांक, नाव ही वरची चिठ्ठी. घरची डिरेक्टरी मी वेगळा पर्याय देऊन हलवली. पण सुडोच्या नियमांच्या फाइलमध्ये खात्याचं नाव शब्दशः लिहिलेलं असतं, आणि नाव बदलणारी आज्ञा त्या फाइलला हात लावत नाही. त्या रात्री माउलींना लेबलचा मेनू उघडेना. साडेअकराला त्यांचा फोन आला आणि मी घरून नाशिकच्या थंडीत स्कूटर काढून पॅकहाउसला गेले, कारण सर्व्हरला बाहेरून जोडता येत नाही हा नियम मीच घातला आहे. क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या, कामांचं तेच असतं: ती खात्याच्या नावाच्या फाइलमध्ये राहतात आणि जुन्याच नावाने मागे पडतात. त्यांचं क्रॉनमध्ये काही नव्हतं, पण आता नाव बदलण्याआधी जुनं नाव सगळ्या मांडणीच्या फाइलींत शोधून घेते. जुन्या लॉगिन नोंदी मात्र जुन्याच नावाने राहणार. त्यासाठी कोणत्या तारखेला कोणाचं नाव काय झालं आणि त्याचा क्रमांक कोणता, याची एक वही व्यवस्थापकांच्या कपाटात ठेवली आहे. हाताने लिहिलेली, पानांना आकडे घातलेली.

ज्ञानेश

तो त्र्यंबकहून दुपारी पोहोचला होता. तोवर सगळं उलगडलं होतं. व्यवस्थापकांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, माउलींना आणि मलाही थांबायला सांगितलं. त्यांनी खुलाशाच्या कागदावर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि त्याची प्रत त्याच्या हातात दिली. “चूक आमची झाली,” एवढं बोलले. सगळ्यांसमोर बोलले, हे मला महत्त्वाचं वाटलं.

ज्ञानेशने मला विचारलं, “ताई, मला ती ओळ बघायला मिळेल?” मी त्याला दोन्ही दाखवल्या, आठ अक्षरांची आणि पूर्ण. त्याने बोटाने पडद्यावर अक्षरं मोजली. मग विचारलं, “माझ्या आधी असं कुणाचं झालं असेल, तर त्याला कुणी दाखवलं असेल का?”

त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या संध्याकाळी मी सांभाळत असलेल्या बाकीच्या चार ठिकाणच्या खात्यांच्या याद्या काढल्या आणि आठव्या अक्षरावर कापून एकमेकांशी लावून बघितल्या. सातपूरच्या एका कारखान्यात एक जोडी निघाली. तिथे मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.